लचका

आमच्या घरात हसायला कधी कारण लागलं नाही. मखमलाबादच्या अलीकडे कालव्याच्या पाण्यावर भिजणारा आमचा फुलांचा मळा होता, मळ्यातच कौलारू घर, आणि घरात आम्ही चारच माणसं. आण्णा, आई, वच्छीआत्या आणि मी. फुलांचं काम हे हातांचं काम. शेवंती तोडा, झेंडू तोडा, पाटीत भरा, ओल्या गोणपाटाखाली झाका, हार ओवा, हात दिवसभर गुंतलेले आणि तोंड मात्र मोकळं. त्यामुळे आमच्याकडे बोलणं कधी थांबायचं नाही. आण्णा स्वतः फार बोलत नसत, पण हसत खूप. आवाज न करता हसत, नुसते खांदे हलत, आणि मग डोळे पुसायला ते पागोट्याचा शेव शोधत. पहाटे पंचवटीतल्या फूलबाजारात गेलेले आण्णा दहाच्या सुमाराला सायकलवर रिकाम्या पाट्या बांधून परत येत, हातपाय धूत, भाकरी मोडत आणि विचारत, “शैले, आज कोण?”

‘आज कोण’ म्हणजे आज कोणाची नक्कल. मला ती देणगी होती, किंवा तेव्हा सगळे देणगी म्हणत. तपकीर ओढून मग छडी उगारणारे हेडमास्तर, “पुढे सरका, पुढे सरका” म्हणत स्वतःच वाट अडवणारा कंडक्टर, एका हारासाठी अर्धा तास घासाघीस करून शेवटी जादा दोन फुलं उचलून नेणाऱ्या म्हाताऱ्या, कीर्तनात ऐन रंगात ठसका लागणारे बुवा. मी चूल फुंकतानाही त्यांच्यातलं कोणीतरी असायचे. आई म्हणायची, “पोरीच्या अंगात येतं.” हसू आलं की ती तव्यावरची भाकरी विसरायची आणि करपलेल्या भाकरीचा वास घरभर व्हायचा. माणसं हसली की मला गोड काहीतरी खाल्ल्यासारखं वाटे. ते खाणं मला रोज लागत असे. मुलांना कशाची चटक लागते ते मोठ्यांना दिसत नाही, कारण मोठ्यांनीच ती लावलेली असते.

वच्छीआत्या आण्णांची धाकटी बहीण. निफाडकडे दिली होती, द्राक्षबागायतदाराच्या घरी. सहा वर्षं झाली, मूल झालं नाही, आणि एक दिवस तिचा दीर तिला ट्रंकेसकट आमच्या बांधावर सोडून गेला. आईनं तांब्या पुढे केला, पण पाणीही न पिता तो वळला. मी तेव्हा सातेक वर्षांची असेन. आत्या बराच वेळ ट्रंकेवर बसून राहिली. मग उठली, पदर खोचला आणि आई जिथं शेवंती तोडत होती त्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकापासून तोडायला लागली. त्यानंतर निफाडचं नाव घरात कोणी काढलं नाही. ती उंच होती, सावळी, हात पुरुषासारखे मोठे. त्या मोठ्या हातांनी ती इतके नाजूक गजरे बांधायची की बाजारातल्या बायका आण्णांना विचारत, हे कोणाच्या हातचं. तिच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांची चव मला अजून कुठे मिळालेली नाही. हिरवी मिरची आणि लसूण तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडून ती ठेचा करायची, तेव्हा आम्ही सगळे खोकत दाराबाहेर पळत असू आणि ती एकटी, डोळ्यांतून पाणी वाहत, रगडत बसे. हसायची मात्र बेतानं. तोंडावर पदर धरून, जणू हसणं तिनं कोणाकडून वापरायला मागून आणलं होतं.

वस्तीवर आठवड्यातून एकदा नर्सबाई येत. पांढरी साडी, काळी पिशवी, उन्हापावसात तीच छत्री. लहान पोरांना सुया टोचून झाल्या की आमच्या ओट्यावर चहा घेत. शेजारच्या सोनाबाईचं बाळंतपण अडलं तेव्हा नर्सबाई पोचेपर्यंत आत्यानं तिला धीर दिला होता, पाणी उकळून ठेवलं होतं, बाकीच्या बायकांना बाहेर काढलं होतं. ते नर्सबाईंनी पाहिलं. पुढच्या आठवड्यात चहाची बशी खाली ठेवत त्या म्हणाल्या, “वत्सलाबाई, तुमचा हात चांगलाय. घाबरत नाही तुम्ही. ट्रेनिंग का घेत नाही?”

“मी? माझं काय शिक्षण वो.”

“सातवी झालीये ना?”

“सातवी पास हाय. पण तिला आता किती वर्ष झाली.”

“पुरे आहे. सिन्नरला पुढच्या उन्हाळ्यात बायका घेणारेत. मुलाखत असते. औषधांवरचं, तक्त्यावरचं थोडं इंग्रजी वाचता आलं पाहिजे, बास. ही शैला आहे की घरात शिकवायला.”

 त्या दिवशी आत्यानं गजऱ्याची गाठ दोनदा चुकवली. आण्णांनी ते ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाले, “शीक. आपल्या पायावर उभी राहशील.” नर्सबाईंनी पुढच्या खेपेला एक मोठा कागद आणून दिला. शाईनं लिहिलेले चाळीसेक शब्द. शरीराचे भाग, वार, ताप, खोकला, उकळलेलं पाणी, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. दुपारी फुलं झाकून झाली की आत्या हात स्वच्छ धुऊन पडवीत माझ्यासमोर येऊन बसायची. मी नववी संपवून दहावीत जाणारी पोर, आणि माझ्यापुढे मांडी घालून माझी तीस वर्षांची आत्या. अक्षराखाली बोट धरून ती वाचायची. बोट जाड, अक्षर बारीक, त्यामुळे बोटाखाली कधी कधी दोन-दोन अक्षरं झाकली जात आणि ती चुकायची. मग स्वतःवरच चिडून बोट मागे घ्यायची. पुढे वर्षभर, माझा अभ्यास चालला असतानाही, ती दुपार आम्ही चुकवली नाही.

एकदा आम्ही दोघी शहरात गेलो होतो. स्टँडवर उभ्या असताना तिनं एकाएकी माझं मनगट घट्ट धरलं. समोरच्या गाडीवरच्या पाटीकडे बघत तिचे ओठ हलत होते. “एन, ए, एस, एच, आय, के. नाशिक. शैले, आपलं गाव मी इंग्रजीत वाचलं.” माझं मनगट दुखेपर्यंत तिनं ते सोडलं नाही. हे मला इतकं स्वच्छ आठवतं की लिहिताना आताही मी मनगटाकडे पाहिलं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलं, आणि ज्याला सांगितलं त्याला ते आधीच ठाऊक होतं.

त्या कागदावर जिभेसाठी इंग्रजी शब्द होता. आत्यानं अक्षरं लावली, “टी, ओ, एन, जी, यू, ई.” थोडं थांबली, मनातल्या मनात जुळवलं आणि म्हणाली, “टोंगू. शैले, असंच ना?”

उच्चार टंग आहे हे मला माहीत होतं. आमच्या सरांनी तो शब्द फळ्यावर लिहून दोनदा म्हणून घेतला होता. पण तिच्या तोंडचा तो ‘टोंगू’ इतका गोल, इतका भाबडा होता की माझ्या पोटात हसू उसळलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की हे हसू आज खर्च करायचं नाही, ठेवायचं. मी मान खाली घालून म्हटलं, “हो. टोंगू.” तिनं कागदावर त्या शब्दाशेजारी मराठीत नीट लिहून घेतलं, टोंगू म्हणजे जीभ. गुडघ्याच्या शब्दातलं पहिलं अक्षर म्हणायचं नसतं, तेही मी सांगितलं नाही. ती ‘कनी’ म्हणाली, मी ‘हो’ म्हटलं. तेही तिनं लिहून घेतलं. नंतर कित्येक दुपारी ती ते दोन शब्द म्हणायची आणि मी गालातल्या गालात हसायचे. तिला वाटायचं तिचं वाचन सुधारतंय म्हणून मी खूश आहे.

दहावीचा निकाल लागला. मी शाळेत पहिली आले. त्या रविवारी घरात माणूस मावत नव्हतं. नामपूरहून मामा-मामी आले. मामांनी कांद्याचं पोतं आणि आंब्याची पाटी आणली होती. आईनं परसात खापर मांडून मांडे केले. हवेत फेकल्यासारखे ते हातावर झुलवत मोठे करायचे आणि उपड्या खापरावर टाकायचे, हे तिचं माहेरचं कसब. शेजारची सोनाबाई मूल कडेवर घेऊन आली, वस्तीवरची आणखी पाच-सहा बायकापुरुष आली. जेवणं चालली असतानाच नर्सबाई आल्या, छत्री मिटली, आणि पिशवीतून एक लिफाफा काढून त्यांनी आत्याच्या हातात दिला. “मंगळवारी सकाळी अकराला. सिन्नरला. बोलावलंय.” आत्यानं हात पुसून लिफाफा घेतला, देवळीत ठेवला, आणि वाढायला वळली. तिच्या पाठीकडे बघूनसुद्धा समजत होतं की तिला आनंद झालाय. आण्णा मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “आज घरात दोन निकाल लागले म्हणायचे.”

मला ते आवडलं नाही. खोटं कशाला लिहू. दिवस माझा होता.

जेवणं झाल्यावर मामा भिंतीला टेकले आणि म्हणाले, “मन्ही भाची लई हुशार शे. चाल, एखादी नक्कल कर.” मी हेडमास्तर केले, कंडक्टर केला. सगळे हसले, पण ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मला काहीतरी नवं हवं होतं. आत्या रसाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून येत होती, दुसऱ्यांदा रस वाढायला. मी खुंटीवरचा पांढरा पंचा डोक्याला गुंडाळला, पाटीतला मोगऱ्याचा गजरा उचलून तपासायच्या नळीसारखा गळ्यात अडकवला आणि म्हणाले, “उठून उभे राहा. आमच्या डॉक्टरीणबाई आल्या बरं का. सिन्नरचे साहेब गाडी पाठवणार होते, पण बाई म्हणाल्या, नको, माझं इंग्रजी गाडीत मावणार नाही.”

पहिला हशा तिथंच झाला. मग मी मामांसमोर बसले, त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताचं बोट हवेतल्या अक्षरांखालून सरकवत, कपाळाला आठ्या घालून, आत्याचाच आवाज काढून वाचू लागले. “टी... ओ... एन...” मध्येच बोट मागे घेतलं, चिडले, पुन्हा पुढे नेलं. “टोंगू. पेशंट, टोंगू भाईर काढा. अजून काढा. आता कनी दुमडा.”

माझी सगळ्यात चांगली नक्कल तीच झाली असं मला तेव्हा वाटलं. आण्णांचे खांदे हलत होते. मामा खोकेपर्यंत हसले आणि विचारत राहिले, “हाई टोंगू काय शे?” ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता तेही हसत होते, शब्दच तसा होता. नर्सबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. त्या म्हणाल्या, “अगं, टंग म्हणतात त्याला, टंग.” आणि पुन्हा हसू लागल्या.

मी वर बघितलं. आत्या पातेलं धरून उभी होती. तिची नजर माझ्यावर होती, नर्सबाईंवर नव्हती. अगदी थोडा वेळ. मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि हसायला लागली. पदर न धरता, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं. आम्ही कोणीच तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. ती हसतेय म्हणून बाकीचे आणखी मोकळे झाले. आई म्हणाली, “बघा, वन्सं पण हसल्या,” आणि सगळं बरं असल्यासारखं झालं. सगळ्यांना रस वाढून झाल्यावर आत्या मागच्या दारानं मळ्यात गेली. निशिगंधाला पाणी लावायचं होतं म्हणाली.

मंगळवारी मी तिच्याबरोबर सिन्नरला जाणार होते. आण्णांनी तसं ठरवलं होतं, कारण स्टँडवर गाडी बदलायची होती. मी लवकर अंघोळ करून तयार झाले. आत्याची इस्त्रीची साडी दोरीवर तशीच होती आणि ती झेंडूच्या वाफ्यात कमरेत वाकलेली.

आण्णा बांधावरून म्हणाले, “वच्छे, गाडीची वेळ झाली.”

“नाय जायचं मला.”

“का गं? पत्र आलंय.”

“झेंडू तोडायला आलाय दादा. उद्यापर्यंत काळा पडेल.”

“झेंडू मी तोडीन.”

ती तोडत राहिली. आण्णा दोनदा विचारणारे गृहस्थ होते, तिसऱ्यांदा नाही. आई गेली, पदराशी चाळा करत म्हणाली, “वन्सं, पोरीनं चेष्टा केली. मनावर नका घेऊ.” आत्या म्हणाली, “चेष्टेचं काय त्यात वहिनी. मला येत नाय ते नाय.” मग मी गेले. ओल्या वाफ्यात माझ्या परकराची किनार चिखलानं भरली. मला सांगायचं होतं की मी चुकले. पण मी म्हटलं ते एवढंच, “आत्या, चल ना. गाडी जाईल.”

“जाऊ दे.”

“मी आहे ना बरोबर.”

तेव्हा ती उभी राहिली. फुलांचा पिवळा रंग तिच्या बोटांना लागला होता. आवाज शांत होता, टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सोसला असता. ती म्हणाली, “तिथं सायबापुढं म्हणले असते ना टोंगू. बरं झालं, घरातच कळलं. तू जा, कपडे बदल.”

पुढच्या आठवड्यात नर्सबाई आल्या तेव्हा आत्यानं चहा आतून माझ्या हातून पाठवला. नर्सबाईंनी कप घेतला, आतल्या दाराकडे पाहिलं. “घेणारच होते त्यांना. मी बोलून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही. चहा अर्धाच पिऊन त्या गेल्या. कागद काही दिवस देवळीत होता, मग दिसला नाही. मी विचारलं नाही. शब्द मात्र राहिला. मामा पुढच्या वेळी आले ते दारातूनच “टोंगू नर्स कोठे शे?” म्हणत. मग वस्तीवरची पोरं तिला टोंगूआत्या म्हणायला लागली. मी एकदोघांना रागावले, एकाला ढकललं, त्यानं ते नाव आणखी घट्ट झालं. आत्या त्या नावाला ओ द्यायची. बादली घेऊन विहिरीकडे जाताना कोणी पोर ओरडलं, “टोंगूआत्या, पाणी दे,” तर थांबून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची.

मी कॉलेजात गेले. गंगापूर रोडला रोज सायकलनं. इंग्रजी विषय घेतला. तिथंही माझ्या जिभेची ख्याती व्हायला वेळ लागला नाही. मागच्या बाकावरून मी एक वाक्य टाकावं आणि वर्गानं हसावं, हे ठरून गेलं. दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवणारे सर वयस्कर होते, हळू बोलत. एका दुपारी त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला, ‘सार्कॅझम’, आणि अर्थ विचारला. मी हात वर केला आणि म्हणाले, “उपरोध, सर. म्हणजे मी आता म्हटलं की आजचा तास फार लवकर संपला, तर तो.” वर्ग हसला. सरही हसले. मग खडू खाली ठेवून म्हणाले, “अर्थ बरोबर आहे. मूळ माहीत आहे का? शब्द ग्रीकमधून आलाय. ग्रीकमध्ये मांसाला जो शब्द आहे, तो याच्या पोटात आहे. त्यावरून क्रियापद झालं, मांस तोडणं. कुत्रं कसं हाडाला चिकटलेलं मांस दातांनी ओढून काढतं, तसं. मग रागानं ओठ चावून बोलणं, आणि मग लागेल असं बोलणं. आपण लचका तोडणं म्हणतो ना, तेच. आपण या शब्दाला विनोदाच्या खोलीत बसवलंय. तो आला आहे खाटकाच्या दारातून.”

सर पुढे गेले, धडा चालू झाला. मी वही बंद केली. मला पातेलं दिसलं, त्याच्या कडेला धरलेली तिची बोटं दिसली. काटेकोरपणे बघितलं तर मी केली होती नक्कल, आणि नक्कल म्हणजे सार्कॅझम नव्हे. पुढे तीस वर्षं मी हा फरक मुलांना शिकवला. पण त्या दुपारी मला फरक सुचला नाही. इतकी वर्षं मी जे केलं त्याला नाव नव्हतं, पोरपण होतं, थट्टा होती. आता त्याला दात होते.

परवा माझी नात पुण्याहून आली होती. तिच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहादा येतो. “आजी, मी सार्कॅस्टिकली म्हणतेय गं, तुला कळत नाही.” मी तिला मूळ सांगितलं. ती “ई” म्हणाली आणि पुन्हा फोनकडे वळली. तिचा दोष नाही, मूळ माहीत असल्यानं माणूस शहाणा होतो असंही नाही. निवृत्त झाल्यापासून मला कोश वाचत बसायची सवय लागली आहे. त्यात कळलं की आपला ‘उपरोध’ही संस्कृतात निराळाच होता. त्याचा अर्थ अडवणं, वाट रोखणं. आणि ‘चेष्टा’ म्हणजे धडपड, हालचाल, काहीतरी करू बघणं. आत्या पडवीत बसून वर्षभर करत होती ती चेष्टाच होती, जुन्या अर्थानं. ते वाचलं त्या दिवशी मी कोश मिटून ठेवला आणि दुपारचं जेवले नाही.

कॉलेजच्या त्या दुपारी मात्र मी तडक घरी आले. आत्या पडवीत हार ओवत होती. आई मळ्यात होती. मी सायकल लावली, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आत्या, तेव्हा मला माहीत होतं. टंग म्हणतात ते. तू विचारलंस तेव्हाच माहीत होतं. कनी पण.”

तिनं सुई थांबवली नाही. “मला ठाऊक हाय.”

“कधीपासून?”

“तू मामाचा हात धरला ना, तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस? मला रागावली का नाहीस?”

“पोर पहिली आली होती. घर माणसांनी भरलेलं. काय बोलायचं त्यात?” तिनं दोरा दातानं तोडला, गाठ मारली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, “का नाय सांगितलंस पण?”

मी म्हणाले, “हसायचं होतं म्हणून.”

ती “बरं” म्हणाली. पुढचा हार घेतला. मी रडत होते, तर मला म्हणाली, “भाकरी झाकून ठेवलीये, खाऊन घे.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली असं नाही. माझ्या लग्नात तिनं मुंडावळ्या स्वतःच्या हातानं बांधल्या, माझ्या दोन्ही बाळंतपणांत महिना-महिना राहिली. फक्त एक गोष्ट तिनं पुन्हा कधी केली नाही. मला काही वाचून दाखव म्हणाली नाही. इंग्रजी पत्र आलं तर सोनाबाईच्या मुलाकडे न्यायची. गाडीवरची इंग्रजी पाटी अनोळखी माणसाला विचारायची, मी शेजारी उभी असताना. आण्णा आणि आई गेल्यावर, आमचा मळा जाऊन तिथं लग्नाचे लॉन्स झाल्यावर, मी तिला माझ्याकडे आणलं. दीड वर्षं ती माझ्या घरात होती, आणि हृदयाच्या तिच्या गोळ्या ती रंगावरून ओळखायची. पांढरी सकाळी, गुलाबी जेवणानंतर. एकदा कंपनी बदलली आणि दोन्ही पांढऱ्या आल्या. तेव्हा ती पाकिटं घेऊन जिना उतरून खाली गेली, धाप लागत, रखवालदाराला विचारायला. मी इंग्रजीची शिक्षिका, दिवाणखान्यात वह्या तपासत बसले होते.

तिच्या शेवटच्या महिन्यातली एक दुपार आहे. ती पलंगावर उशीला टेकून, मी खुर्चीवर डाळिंब सोलत होते. बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं त्याचा आवाज येत होता.  तीच आपणहून म्हणाली, “शैले, तू अजून त्या दिवसाला धरून बसलीस.”

मी मान हलवली.

“तुझं पोरपण होतं. पोरं हसायचीच. मला त्याचं नाय वाटत.” तिनं दम घेतला. “मी हसले ना, त्याचं वाटतं. मी हसायला नको होतं. तिथंच पातेलं आपटलं असतं, तुझ्या एक मुस्काटात ठेवून दिली असती सगळ्यांदेखत, तर मंगळवारी गेले असते मी सिन्नरला. हसले, आणि मग जायचं तोंडच राहिलं नाय.”

डाळिंबाचे दाणे माझ्या हातात तसेच होते. मी खुर्ची पुढे ओढली, तिच्या हाताजवळ गाल नेला आणि म्हणाले, “आता दे.”

तिनं हात रजईवरून थोडा उचलला आणि परत ठेवला.

“आता हातात जोर कुठं राहिलाय,” ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली.